बुजवायच्या खाणी आणि शेतमालकाची हरकत

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घूस येथे ऑगस्ट 2022 मध्ये अमराई प्रभागातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून प्राणहानी टळली. घराऐवजी तेथे ओलिताचे शेत असते, तर ही बातमी तालुक्याबाहेर क्वचितच गेली असती.

अशा पोकळ्या व त्यांत उतरणारे जुने पिट बुजवले पाहिजेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तरीही काम ओलिताच्या शेतात करावयाचे ठरले की शेतमालक हरकत घेतो आणि त्याला हटवादी ठरवून अधिकारी मोकळे होतात. ही हरकत मुळातून तपासून पाहण्यासारखी आहे. भूमिगत खाणीत छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब राखलेले असतात. खाण बंद झाली, पंप थांबले की पोकळीत पाणी भरते, खांब झिजतात, आणि खाण उथळ असेल तर एखाद्या पावसाळ्यात वरची माती अकस्मात खाली जाते. हे थांबवायचे, तर शेतात छिद्रे पाडून वाळू किंवा औष्णिक केंद्राची राख पाण्याबरोबर आत सोडावी लागते. म्हणजे यंत्रे उभ्या पिकातून जाणार, आणि राखेचे पाणी विहिरीत उतरणार नाही याची हमी कोणी लेखी देत नाही. शिवाय जमीन एकदा ‘पोकळ’ म्हणून नकाशावर आली की गिऱ्हाईक पाठ फिरवते आणि बँकही हात आखडता घेते. मुकाट्याने राहिलेले बरे, असे शेतकऱ्याला वाटले तर नवल नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्यान्वये जमीन न घेता केवळ तिच्यातील खनिजाचे हक्क घेता येतात. अशा ठिकाणी कोळसा निघून गेला, सातबारा मात्र शेतकऱ्याच्याच नावे राहिला. खाण बंद करण्याच्या खर्चाची तरतूद आधीच बाजूला ठेवण्याचे बंधन 2009 मध्ये आले. त्यापूर्वी बंद पडलेल्या खाणींविषयी मार्गदर्शक सूचना निघण्यास 2022 साल उजाडले.

अमेरिकेने 1977 च्या कायद्याने उत्पादित कोळशाच्या प्रत्येक टनावर शुल्क बसवून जुन्या खाणींसाठी निधी उभारला. मालकाने संमती नाकारली तरी लोकांच्या जिवाला धोका असल्यास नोटीस देऊन शेतात शिरण्याचा अधिकार तेथील सरकारला आहे. कामामुळे जमिनीचे मोल वाढले तर त्या वाढीपुरता बोजा चढविण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. परंतु 2 मे 1977 पूर्वी जमीन घेतलेल्या व खाणकामास संमती न दिलेल्या मालकाला तीतून वगळले होते. ज्याने खाण मागितली नाही त्याच्यावर तिचा भार नको, हा विवेक आपल्याकडेही हवा.

अर्थात मालकाची हरकत हा अखेरचा शब्द होऊ शकत नाही. भेगाळलेल्या शेतात निंदणाला उतरतात त्या मजूर बायका. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. म्हणून गरजेपुरता प्रवेशाचा अधिकार सरकारने घ्यावा. पण त्याआधी खाणीचे नकाशे ग्रामपंचायतीत उघडे ठेवावेत, भोवतीच्या विहिरींचे पाणी कामापूर्वी व कामानंतर तपासावे आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई यंत्र शेतात येण्याआधी चुकती करावी. हे काम उन्हाळ्यातच उरकावे लागते. तेव्हा शेतमालकाशी बोलणी खरिपाचे पीक निघताच सुरू व्हावयास हवीत.