तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचार: घरी संगणक नसलेल्या पालकांनी काय पाहावे?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक घोषणा केली. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरी आणि पुढच्या वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आणि संगणकीय विचार हे विषय आणले जाणार आहेत. अभ्यासक्रमासाठी सीबीएसईने आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. अशी बातमी वाचली की पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: आमच्या घरी संगणक नाही, मग आमचे मूल मागे पडेल का?

मुलांना प्रोग्रॅमिंग कसे शिकवावे यावर जगभर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. त्यात नुसत्या यंत्रापेक्षा शिकवण्याची भाषा आणि पद्धत यांवर जास्त भर आहे. तुमचे मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर या दोन गोष्टींबद्दल शाळेत विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो कसा वापरायचा ते लेखाच्या शेवटी दिले आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करू. आपल्यापैकी अनेकांनी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात २० तासांचे मोफत प्रशिक्षण घेतले असेल. मार्च २०२४ मध्ये ही योजना संपली, तोपर्यंत देशात सुमारे ६.३९ कोटी लोकांनी प्रशिक्षण घेतले होते. मोबाईल वापरणे, ईमेल पाठवणे, पैसे भरणे हे त्यात शिकवले जात असे. म्हणजे यंत्र वापरणे. यंत्राला काम कसे सांगायचे, ते शिकणे वेगळे. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र घ्या. तुम्ही अंगठा ठेवता. ठसा जुळला तर पावती निघते, नाही जुळला तर पुन्हा ठेवायला सांगतात. ‘असे झाले तर हे कर, नाही तर ते कर’ ही सूचना कोणीतरी माणसाने बसून लिहिलेली असते. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचे काय करायचे, हेही त्या लिहिणाऱ्यालाच आधी सुचायला हवे. संगणकीय विचार म्हणजे कामाचे असे लहान तुकडे पाडून त्यांचा क्रम आणि अटी नीट मांडणे.

यंत्रे किती आणि कोणासाठी

यूडायस प्लस या सरकारी नोंदीनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ६४.७ टक्के झाले. इंटरनेट असलेल्या शाळा ५३.९ वरून ६३.५ टक्क्यांवर गेल्या. वाढ चांगली आहे, तरी तीनपैकी जवळपास एका शाळेत अजून संगणक नाही.

समग्र शिक्षा योजनेतून संगणक कक्षासाठी निधी मिळतो. एका कक्षाला एकदाच ६.४० लाख रुपयांपर्यंत, आणि पुढे पाच वर्षे चालू खर्चासाठी वर्षाला २.४० लाख रुपयांपर्यंत. पण हा निधी सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या सरकारी व अनुदानित शाळांसाठी आहे. नवा विषय सुरू होणार तिसरीपासून. म्हणजे फक्त चौथी-पाचवीपर्यंत वर्ग असलेल्या गावच्या शाळेला या घटकातून संगणक कक्ष मिळत नाही. घोषणा वाचताना ही फट सहज नजरेआड होते.

मात्र नुसती यंत्रे दिल्याने शिक्षण सुधारते असेही नाही. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले होते. ३१९ शाळांच्या अभ्यासाचा अहवाल २०१२ मध्ये आला. यंत्रांची संख्या कित्येक पटींनी वाढली, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. तो अभ्यास प्रोग्रॅमिंगचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही आपल्याकडे लॅपटॉप-टॅबलेट वाटपाच्या योजना जाहीर होतात तेव्हा तो आठवावा. यंत्र हातात आल्यावर त्याचे काय करायचे हे शिकवणारे कोणी नसेल, तर ते सिनेमा बघायच्या कामी येते.

संगणकाशिवाय काय शिकता येते

बरेच काही. न्यूझीलंडमधील प्राध्यापक टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच ‘अनप्लग्ड’ पद्धत मांडली. वीज नको, यंत्र नको. पत्ते, दोरी, खडू आणि मुलांचे खेळ यांतून संगणकशास्त्रातल्या कल्पना शिकवायच्या. भारतात संगणकतज्ज्ञांच्या एसीएम इंडिया या संघटनेने २०१६ पासून ‘सीएस पाठशाळा’ उपक्रमातून हाच रस्ता धरला आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला ‘हाच आकार चारही बाजूंना पुन्हा’ ही कल्पना आधीच ठाऊक असते. प्रोग्रॅमिंगमध्ये तिला लूप म्हणतात, इतकेच. तिसरी-चौथीच्या वर्गात संगणक दिसला नाही म्हणून घाबरू नका. त्या तासाला मुले ‘संगणकाचे भाग’ वहीत उतरवून पाठ करत असतील, तर मात्र विचारा.

भाषेचा प्रश्न

हा भाग थोडा लांब झाला आहे, कारण या पोर्टलसाठी भाषांतर करताना रोज याच्याशीच गाठ पडते.

प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांतले शब्द इंग्रजी आहेत. चूक झाली की पडद्यावर येणारा संदेशही इंग्रजीतच. संशोधक फिलिप गुओ यांनी २०१८ मध्ये, इंग्रजी मातृभाषा नसताना प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या ८४० जणांची उत्तरे अभ्यासली. ते ८६ देशांतले होते. पुस्तक समजत नाही, मदत मागायला शब्द सुचत नाहीत, कोड वाचताना अडखळायला होते आणि इंग्रजी व प्रोग्रॅमिंग दोन्ही एकाच वेळी शिकावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मराठी माध्यमातून अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत गेलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

दुसरा अभ्यास आशा देणारा आहे. स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग साधनात शब्द लिहिलेले रंगीत ठोकळे जोडायचे असतात, आणि ते शब्द आपल्या भाषेत करून घेता येतात. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ मध्ये पाच देशांतल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. एकाच देशातल्या मुलांची तुलना केली, तेव्हा ठोकळे आपल्या भाषेत ठेवणारी मुले इंग्रजी ठेवणाऱ्यांपेक्षा नव्या कल्पना लवकर वापरू लागली, असे दिसले. या मुलांनी भाषा स्वतःच निवडली होती, त्यामुळे सगळे श्रेय भाषेलाच देता येणार नाही. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरते, आणि माध्यमिक शाळेआधीच्या टप्प्यावर कोडिंग आणू पाहते. त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडणारा हा पुरावा आहे.

म्हणून सगळे शब्द मराठीत करावेत का? माझे मत: नाही. ‘व्हेरिएबल’ला आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘चल’ म्हणतात. शेजारच्या मध्य प्रदेशात हिंदी माध्यमात शिकणारे मराठी घरातले मूल त्यालाच ‘चर’ म्हणते. पुढे महाविद्यालयात आणि नोकरीत दोघांनाही ‘व्हेरिएबल’च भेटणार. तेव्हा शब्द इंग्रजी राहू द्यावा, समजावणे मात्र पूर्ण मराठीत असावे. आणि समजावताना उपमाही जपून निवडावी. ‘व्हेरिएबल म्हणजे डबा’ असे अनेकदा शिकवतात. मग मुलांना वाटते की डब्यात एकावर एक दोन वस्तू मावतात. खरे तर नवी किंमत लिहिली की जुनी पुसली जाते. त्यापेक्षा पाटी म्हणावे. पाटीवर एकच आकडा, दुसरा लिहायचा तर पहिला पुसायचा.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प नेमका याच तत्त्वावर चालतो. सुमारे दहा मिनिटांचे व्हिडिओ असतात. आवाज मराठीसह २२ भारतीय भाषांत, पडदा मात्र इंग्रजीच, कारण कामाच्या ठिकाणी तोच पडदा समोर येणार. लिबरऑफिसपासून पायथॉनपर्यंतचे धडे मोफत आहेत. शेजारीच सॉफ्टवेअर उघडून ठेवायचे, व्हिडिओ थांबवत थांबवत तसेच करून पाहायचे. नुसते बघत बसून यातले काही येत नाही.

अभियांत्रिकीतही बदल सुरू झाला आहे. २०२१ मध्ये आठ राज्यांतल्या १४ महाविद्यालयांत हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि बांगला या पाच भाषांतून शिकवण्याची घोषणा झाली होती. मुलगा किंवा मुलगी बारावीला असेल तर प्रवेशाच्या वेळी आपल्या राज्यात अशी जागा आहे का, हे विचारून घ्यावे.

आधी वाचणे, मग लिहिणे

वेगवेगळ्या देशांतल्या महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम घेणाऱ्यांचे निकाल २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले. १५ देश, १६१ अभ्यासक्रम. साधारण तीनपैकी एक विद्यार्थी उत्तीर्ण झाला नव्हता. तेव्हा आपल्या मुलाला पहिल्या वर्षी हे जमले नाही, तर ‘तुला डोकेच नाही’ असे कृपा करून म्हणू नका. शिक्षकांनाही म्हणू देऊ नका.

नापास होण्याचे एक कारण संशोधकांना २००४ च्या सुमारास नीट दिसले. लिहिलेला प्रोग्रॅम ओळीने वाचून ‘आता काय होईल’ हे सांगणेच अनेकांना जमत नव्हते, आणि त्यांच्याकडून थेट लिहिण्याची अपेक्षा होती. अक्षरओळख नसताना निबंध मागण्यासारखे. यावर एक स्वस्त उपाय आहे. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. बार्बरा एरिक्सन यांच्या २०१७ च्या अभ्यासात या पद्धतीने वेळ कमी लागला आणि शिकणे कोड लिहून शिकण्याइतकेच झाले. कागदाच्या पट्ट्या कापून कोणत्याही शाळेत हे करता येते.

आणि एका संगणकावर दोन मुले बसली तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या अभ्यासात जोडीने शिकणारे विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करण्यात एकेकट्यांपेक्षा पुढे होते, आणि मुलींनाही त्याचा फायदा झाला. अट एकच: एकजण टंकलेखन करतो, दुसरा चुका बघतो, आणि थोड्या वेळाने अदलाबदल. ती झाली नाही तर एकाच्या हाती माऊस राहतो आणि दुसरी तासभर मागे उभी राहते. पाच-सहा मुले एका यंत्राभोवती असतील तर मात्र ती जोडी नव्हे, गर्दी.

खासगी शिकवण्यांबद्दल थोडेच. कोडिंग शिकून लहान वयात भरमसाट पगार मिळवल्याच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. अशाच एका कंपनीच्या काही जाहिराती मागे घ्यायला जाहिरात क्षेत्रातील मानक परिषदेने २०२० मध्ये सांगितले होते. कर्ज काढून हजारोंचे शुल्क भरण्याआधी वरचे मोफत मार्ग वापरून पाहा.

शाळेत कुठे विचारायचे

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे लागू नाही. सरकारी शाळेत शाळा विकास आराखडा हीच समिती बनवते आणि निधीची मागणी त्यावरून होते; अनुदानित शाळेत समितीची भूमिका फक्त सल्ला देण्याची असते.

बैठकीत पुढचे प्रश्न मांडता येतील. तिसरीपासूनचा विषय कोणत्या शिक्षकांकडे आहे आणि त्यांचे प्रशिक्षण झाले का? जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘सोअर’ या केंद्राच्या उपक्रमात शिक्षकांसाठी ४५ तासांचा भाग आहे, तो कोणी केला का? शाळेत सहावीपुढचे वर्ग असतील तर संगणक कक्षाची मागणी आराखड्यात आहे का, आणि कक्ष असेल तर तो आठवड्यातून किती तास उघडा असतो? समजावून सांगणे कोणत्या भाषेत होते? प्रश्न तोंडी विचारून थांबू नका. ते इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि पुढच्या बैठकीला तेच पान उघडायला लावा.