उत्सव खरेदीचा

सण आला की खरेदी होते, हा आपला नित्याचा अनुभव. दुबई शहराने मात्र खरेदीलाच सणाचे रूप दिले. १९९६ साली तेथे खरेदी महोत्सव सुरू झाला. हिवाळ्यातील सुखद हवा, किमतींतील सवलती, सोडती आणि आतषबाजी यांच्या ओढीने देशोदेशींचे प्रवासी तेथे येतात. देरा भागातील सोन्याचा बाजार तर भारतीयांच्या विशेष परिचयाचा आहे. तेथे २०१८ पासून लागू असलेला ५ टक्के मूल्यवर्धित करही परदेशी प्रवाशांना बराचसा परत मिळवता येतो. केवळ तेलाच्या उत्पन्नावर विसंबून न राहता आतिथ्यातून समृद्धी साधण्याची ही दृष्टी निश्चितच अनुकरणीय आहे.

तथापि, प्रवाशांना नेणाऱ्या त्याच विमानांतून आपले कामगारही तेथे जातात. बाजाराची झगमगती दालने अशाच कामगारांच्या श्रमांतून उभी राहिली आहेत. प्रवासी रिकामी बॅग नेतो आणि भरून आणतो. कामगार मात्र वर्षानुवर्षे पै-पै साठवून घरी पाठवतो. म्हणून अशा सहलीत खरेदी अवश्य करावी. परंतु ज्यांच्या हातांनी ते शहर घडले, त्यांच्याशी आपल्या भाषेत दोन शब्दही बोलावेत. एरवी बॅग भरली, तरी सहल अपुरीच राहील.