त्याला 'औषध' म्हणू नका

कपाशीच्या हंगामात आपल्या वस्तीतली माणसं फवारणीच्या रोजाला जातात. संध्याकाळी घरी आल्यावर कोणाला दरदरून घाम सुटतो, लाळ गळते, उलट्या होतात. घरचे म्हणतात, "औषध लागलं." मी नर्सचं काम केलेलं आहे, म्हणून सांगते, ते औषध नाही, विष आहे.

आपल्या चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची पेशी किंवा स्नायू ते ओळखतो आणि निरोप पोचतो. हात हलवणाऱ्या या रसायनाचं नाव ॲसिटिलकोलिन. काम झालं की एक एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतं, म्हणून निरोप थांबतो. मोनोक्रोटोफॉससारखं विष नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं, छाती पाण्यानं भरते, शेवटी श्वास थांबतो.

हे विष कातडीतूनही आत जातं. म्हणून भिजलेले कपडे लगेच काढा, साबणानं अंग धुवा आणि विषाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. ॲट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जीव वाचू शकतो.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर दगावले. अशा वेळी मजुरालाच निष्काळजी ठरवणं सोपं असतं. पण हातमोजे, मास्क देणं मालकाचं काम आहे. ते मागायला लाजू नका. मिळाले नाहीत, तर पंप खांद्यावर घेऊ नका.