गुडघ्याची मालकी

२८ एप्रिल २०१२ रोजी शिकागो शहरातील युनायटेड सेंटर या क्रीडागृहात बास्केटबॉलचा एक सामना संपत आला होता. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या विजेतेपदासाठी सुरू झालेल्या बाद फेरीतील, शिकागो बुल्स आणि फिलाडेल्फिया या संघांमधील मालिकेचा तो पहिलाच सामना. यजमान बुल्स बारा गुणांनी पुढे होता आणि खेळ संपायला दीड मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता. त्या वेळी बुल्सचा तेवीस वर्षांचा अग्रणी खेळाडू डेरिक रोझ उडी घेताना कोसळला. त्याच्या डाव्या गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटला होता. आदल्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो मोसमातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. इतक्या लहान वयात हा मान त्यापूर्वी कोणालाही मिळालेला नव्हता. साखळीत ६६ पैकी ५० सामने जिंकलेला बुल्स रोझविना ती मालिका आठव्या क्रमांकाच्या फिलाडेल्फियाकडून ४–२ अशी हरला.

त्यानंतर शिकागोत जो वाद सुरू झाला तो खेळाच्या पानांपुरता उरला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळी येथे याच संघटनेच्या दोन संघांचे दोन सामने झाले. मराठी तरुणांतही आता या खेळाचे चाहते आहेत आणि त्यांच्या तोंडी असे वाद ऐकू येतात. तथापि समाजवादी कार्यकर्त्याने या वादाकडे लक्ष द्यावे याचे कारण निराळे आहे. जखमी झालेल्या श्रमिकाने कामावर केव्हा परतावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा जुना प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहिला होता. आणि सामान्य श्रमिक माणसे त्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी मालकाच्या बाजूने देत होती.

पहिला वाद प्रशिक्षकाविषयी होता. बारा गुणांची आघाडी असताना रोझ मैदानावर होताच कशाला, असे अनेकांनी विचारले. प्रशिक्षक टॉम थिबोडो खेळाडूंना दीर्घकाळ मैदानावर ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होते. हा प्रश्न रास्त होता, परंतु तो एका माणसाच्या निर्णयापाशी थांबला. त्या वर्षीचा मोसमच विपरीत होता. १ जुलै २०११ रोजी संघमालकांनी टाळेबंदी पुकारली आणि ती डिसेंबरपर्यंत चालली. संघटनेच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ५७ टक्के होता. तो निम्म्याच्या आसपास आणल्यावरच मालकांनी दारे उघडली. पुढे २५ डिसेंबर ते २६ एप्रिल या सुमारे चार महिन्यांत प्रत्येक संघाकडून ६६ सामने खेळवून घेण्यात आले. रोझ त्या मोसमात पाठ, घोटा, पायाचा अंगठा, जांघ अशा एकामागून एक दुखापतींमुळे त्यांपैकी केवळ ३९ सामने खेळू शकला होता. या धावपळीमुळेच त्याचा गुडघा गेला असे सिद्ध करता येणार नाही. परंतु टाळेबंदीत बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी कामाचा वेग वाढविला गेला आणि त्याचा भार शरीरांवर पडला, एवढे कोणत्याही गिरणी कामगाराला समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा वाद अधिक कडवट होता. २०१२–१३ चा संपूर्ण मोसम रोझ खेळला नाही. शस्त्रक्रियेनंतर त्याने सरावास सुरुवात केली आणि डॉक्टरांनी खेळण्यास हरकत नसल्याचे सांगितल्याच्या बातम्या मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. रोझचे म्हणणे एवढेच होते की आपल्याला अद्याप खात्री वाटत नाही. तिकडे त्याचे सहकारी पडेल त्या अवस्थेत खेळत होते. जोआकिम नोआच्या तळपायाला सूज व असह्य वेदना होत्या. तरीही ब्रुकलिनविरुद्धच्या सातव्या निर्णायक सामन्यात त्याने २४ गुण नोंदवून संघाला विजय मिळवून दिला. नेट रॉबिन्सन आजारी असताना खेळला आणि मैदानाच्या कडेला बादलीत ओकून पुन्हा आत गेला. लुओल डेंग मेंदुज्वराच्या संशयावरून कण्यातील पाणी तपासल्यानंतर उद्भवलेल्या त्रासामुळे रुग्णालयात पडला होता. पुढच्या फेरीत बुल्स मायामीकडून ४–१ असा पराभूत झाला. तेव्हा चाहत्यांच्या एका मोठ्या गटाचा निवाडा तयार होता: बाकीचे मरणाच्या दारात खेळत असताना धडधाकट रोझ कोट घालून बाकावर बसून राहिला.

दुसरा गट रोझच्या बाजूचा होता. त्याचे म्हणणे असे की, तेवीस-चोवीस वर्षांच्या खेळाडूपुढे सारे आयुष्य आहे, आणि एका मोसमाच्या हट्टासाठी ते पणाला लावणे शहाणपणाचे नाही. परंतु हा गटही हिशेब मांडत होता तो संघाच्या भावी विजयांचाच. रोझ जपला पाहिजे, कारण पुढील दहा वर्षे त्याचा उपयोग आहे! एक पक्ष यंत्र आजच चालवा म्हणत होता, दुसरा ते उद्यासाठी झाकून ठेवा म्हणत होता. यंत्र कोणाचे, हे दोघांनीही गृहीत धरले होते.

चाहत्यांना तुच्छ लेखून हा विषय संपत नाही. रोझ शिकागोच्या दक्षिण भागातील एंगलवूड या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वाढला. आपल्याच शहराचा, आपल्याच गल्लीतला मुलगा आपल्याच संघाचे नेतृत्व करतो आहे, यात त्या वस्तीला जो अभिमान वाटत होता तो खरा होता आणि म्हणून निराशाही खरी होती. शिवाय ही प्रतीक्षा चाहत्यांना विकली जात होती. ज्या बूट कंपनीशी रोझचा दीर्घ मुदतीचा करार होता तिने त्याच्या पुनरागमनाचीच जाहिरातमालिका काढली होती. गुडघा बरा होत असताना त्या बरे होण्याचाही माल झाला. जे पुनरागमन जाहिरातीत ठरून गेले होते ते मैदानावर घडले नाही. मग फसवणुकीची भावना कंपनीकडे न वळता जखमी माणसाकडे वळली.

आता नुकसान कोणाचे झाले ते पाहावे. रोझ एकही सामना खेळला नाही त्या २०१२–१३ च्या मोसमात बुल्सच्या घरच्या सामन्यांना सरासरी २१ हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि ती संख्या साऱ्या संघटनेत सर्वाधिक होती. मालकांची तिजोरी ओस पडली नाही. अमेरिकेच्या करव्यवस्थेतील एक तरतूद येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. संघ विकत घेणाऱ्या मालकाला खेळाडूंच्या करारांवर घसारा आकारता येतो, म्हणजे कारखानदार जसा यंत्राच्या झिजेबद्दल करसवलत घेतो तसा तो घेतो. बेसबॉलमधील संघमालक बिल व्हेक यांना, जे पुढे शिकागोच्याच व्हाइट सॉक्स संघाचे मालक झाले, या कल्पनेचे जनक मानले जाते. २००४ च्या कायद्याने तर खरेदीची जवळजवळ सारी किंमत पंधरा वर्षांत अशी वजा करण्याची सोय झाली. ज्याचे शरीर खरोखर झिजते त्या खेळाडूला मात्र आपल्या गुडघ्याच्या घसाऱ्याची वजावट कोठेही मिळत नाही. झीज श्रमिकाची आणि सवलत मालकाची, असा हा सरळ व्यवहार आहे.

जखमी खेळाडूने आग्रहापुढे मान तुकवली तर काय होते, याचे उदाहरण याच खेळात आहे. १९७७ साली पोर्टलंड संघाला विजेतेपद मिळवून देणारा बिल वॉल्टन पुढील मोसमात पायाच्या दुखापतीने बाजूला झाला. तोपर्यंत त्याच्या संघाने ६० पैकी ५० सामने जिंकले होते. १९७८ च्या बाद फेरीत तो वेदनाशामक इंजेक्शन घेऊन मैदानात उतरला. दुसऱ्या सामन्यानंतर डाव्या पायाचे हाड मोडल्याचे निष्पन्न झाले. संघ हरलाच. वैद्यकीय उपचारांबद्दल असंतुष्ट होऊन वॉल्टनने संघ सोडण्याची मागणी केली आणि त्यानंतरच्या चार मोसमांत मिळून तो अवघे १४ सामने खेळू शकला. त्या दोन सामन्यांपूर्वी त्याने ‘मला खात्री वाटत नाही’ असे म्हटले असते तर पोर्टलंडच्या चाहत्यांनी त्याला भित्राच म्हटले असते.

रोझला ‘नाही’ म्हणता आले, याचे कारण केवळ त्याच्या स्वभावात शोधणे चुकीचे ठरेल. डिसेंबर २०११ मध्ये त्याने बुल्सशी पाच वर्षांचा सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा करार केला होता आणि जखमी झाला तरी ते वेतन त्याला मिळणार होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये बहुसंख्य खेळाडूंना अशी पुरी हमी नसते. बास्केटबॉलमधील हमीमागे संघटित लढ्याचा इतिहास आहे. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टन येथे निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना दूरचित्रवाणीवरून दाखविला जायचा होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. १९७० साली खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने मालकांविरुद्ध खटला दाखल झाला. १९७६ साली त्यात तडजोड होऊन खेळाडूला जन्मभर एका मालकाशी जखडून ठेवणारी पद्धत मोडली. करारात हमी मागण्याचे बळ या लढ्यांतून आले. त्या लढ्यांच्या बळावर एका तरुणाने २०१३ साली आपल्या गुडघ्याबद्दल स्वतः निर्णय घेतला.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. वर्षाला दीड कोटी डॉलरहून अधिक मिळविणाऱ्या खेळाडूला श्रमिक म्हणणे ही खऱ्या श्रमिकांची थट्टा नव्हे काय? रोझची मिळकत आणि युनायटेड सेंटरमध्ये झाडू मारणाऱ्या कामगाराची मिळकत यांतील अंतर समर्थनीय नाही, यात शंका नाही. परंतु उत्पन्नाची विषमता हा एक प्रश्न आहे आणि शरीरावरील अधिकार हा दुसरा. मोठा पगार दिला म्हणजे शरीर विकत घेतले, हा न्याय एकदा मान्य केला की तो खाली झिरपतो. करोडपतीला ज्या युक्तिवादाने लंगडत कामावर बोलाविले जाते त्याच युक्तिवादाने उद्या रोजंदारीवरील माणसाला तापात बोलाविले जाईल. त्याच्याजवळ तर नाही म्हणण्यासाठी करारही नसेल.

वस्तुतः चाहत्यांच्या रागाचे मूळ येथेच आहे. ‘मी पाठ दुखत असतानाही कामावर जातो, मग त्याला काय झाले?’ हे वाक्य त्या काळात शिकागोत अनेक प्रकारे बोलले गेले. त्यातील पहिला भाग ही तक्रार आहे, आणि ती अगदी न्याय्य आहे. परंतु ती तक्रार स्वतःच्या मालकाविरुद्ध न होता ज्याला हक्क मिळाला त्याच्याविरुद्ध होते. त्याच मोसमाच्या तोंडावर, सप्टेंबर २०१२ मध्ये, शिकागोतील सुमारे २६ हजार शिक्षकांनी पंचवीस वर्षांनंतर प्रथमच संप केला. तेव्हाही, यांना आधीच पुष्कळ मिळते, असे म्हणणारे होतेच. एका श्रमिकाची सहनशीलता दुसऱ्याविरुद्ध साक्ष म्हणून उभी करणे ही मालकवर्गाची जुनी रीत आहे. नोआ, डेंग आणि रॉबिन्सन यांच्या वेदनांचा तसाच उपयोग करण्यात आला. डेंगला तशा अवस्थेपर्यंत राबू का दिले, हा प्रश्न मागे पडला.

पुढील हकीकत चाहत्यांच्या टीकेला बळ देणारी वाटली. रोझ २०१३ च्या शरद ऋतूत परतला, दहा सामने खेळला आणि २२ नोव्हेंबर रोजी पोर्टलंड येथे त्याच्या उजव्या गुडघ्यातील कूर्चा फाटली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. मग थांबून काय मिळविले, असे विचारले गेले. परंतु हक्काची योग्यता त्याच्या फळावरून ठरत नसते. नोव्हेंबर २०१४ मध्ये रोझने सांगितले की, खेळ संपल्यानंतरच्या आयुष्याचा, मुलाच्या पदवीदान समारंभाला धडपणे चालत जाण्याचा आपण विचार करतो. या उद्गारांवर विलक्षण गहजब झाला. चाळिशीत गुडघे शाबूत असावेत एवढी साधी इच्छा व्यक्त करणे हा ज्या समाजात अपराध ठरतो, त्या समाजाने श्रमाची किंमत कशी लावली आहे हे वेगळे सांगावयास नको.

हा प्रकार शिकागोपुरता नाही. जून २०१९ मध्ये केव्हिन ड्युरंट पोटरीची दुखापत पुरती बरी होण्याआधीच गोल्डन स्टेट संघासाठी अंतिम मालिकेत उतरला आणि टोरंटो येथे त्याच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला. तो खाली बसला तेव्हा प्रेक्षकांपैकी काहींनी जल्लोष केला. तो थांबविण्यासाठी हात वर केले ते टोरंटोच्याच खेळाडूंनी. प्रतिस्पर्धी असूनही, कोसळलेल्या माणसात त्यांना आपल्यासारखाच एक श्रमिक दिसला.

रोझला २०१६ साली शिकागोने न्यूयॉर्ककडे धाडले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी मिनेसोटाकडून खेळताना त्याने एका सामन्यात ५० गुण केले आणि २०२४ साली तो निवृत्त झाला. जानेवारी २०२५ मध्ये बुल्सने त्याचा १ हा क्रमांक कायमचा राखून ठेवण्याची घोषणा केली. तोवर चाहत्यांचा रागही ओसरला होता. सन्मान योग्यच आहे; परंतु जखमेच्या काळात जो विश्वास हवा होता तो निवृत्तीनंतरच्या टाळ्यांनी भरून निघत नाही.

युनायटेड सेंटरपासून सुमारे अडीच किलोमीटरवर हेमार्केट चौक आहे. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोचे कामगार रस्त्यावर आले, ४ मे रोजी त्या चौकात बाँब फुटला आणि पुढील वर्षी चार कामगारनेत्यांना फाशी देण्यात आले. दिवसाचे किती तास मालकाचे आणि किती श्रमिकाचे, हा त्या लढ्याचा विषय होता. शरीर किती मालकाचे आणि किती श्रमिकाचे, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. कार्यकर्त्यांनी तरुण चाहत्यांना संघप्रेम सोडावयास सांगू नये. ते प्रेम निरोगी आहे. त्यांना एवढेच विचारावे की, आपल्या आवडत्या खेळाडूने जखमी असताना मैदानात उतरावे असे म्हणताना आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत. आणि त्याला मिळालेला विश्रांतीचा हक्क आपल्या कारखान्यात, आपल्या कचेरीत, आपल्या बांधकामावर कसा आणता येईल.