पोटातले भाडेकरू आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल

कोकणातल्या एका भगिनीनं विचारलंय, ‘यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून मटण बंद केलं. आता म्हणतात, आतड्यातले जंतूच याला जबाबदार. मग मासेही बंद करू का?’

मैत्रिणींनो, आपण जे वाढू तेच हे जंतू खाणार! मटणातलं कार्निटीन आणि अंड्याच्या बलकातलं कोलीन त्यांच्या वाट्याला आलं, की ट्रायमिथिलअमाइन तयार होतं. शिळ्या मासळीला वास येतो ना, तो याचाच. यकृतात त्याचं ‘टीएमएओ’ होतं आणि ते रक्तात उतरतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉ. स्टॅनली हेझन यांच्या गटानं २०११ मध्ये त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. उंदरांमध्ये तर टीएमएओ वाढल्यावर साचलेलं कोलेस्टेरॉल शरीराबाहेर टाकण्याचं कामच मंदावलं. २०१३ मध्ये ४००७ रुग्णांची तीन वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात ते सर्वांत जास्त, त्यांना झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट दिसला.

मात्र हे टीएमएओ दुखण्याचं कारण, की नुसती खूण, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मूत्रपिंड अशक्त असलं तरी ते वाढतं. समुद्राच्या मासळीत तर ते आयतंच असतं. तरी मासे खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असं दिसत नाही. तेव्हा मासे खुशाल करा, पण तळण्यापेक्षा कालवण बरं.

जंतूंना चांगलं खायला घालायचं, तर सालीची डाळ, मटकी, भेंडी, मेथी, पेरू ताटात रोज काहीतरी असू द्या. यातला विरघळणारा चोथा पित्ताला धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते ते रक्तातून ओढून घेतं. एवढा साधा हिशेब!

पण पथ्य सुरू केलं म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नका हं. आणि एक विचारते. यजमानांचा रिपोर्ट तुम्हाला तोंडपाठ आहे, तुमचा स्वतःचा कधी काढलात? पाळी गेल्यावर बाईचंही कोलेस्टेरॉल वाढतं. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर तुमचंही रक्त तपासून घ्या. घरच्या सगळ्यांचं पथ्य सांभाळणारीनं स्वतःला वगळू नये.