झुरिचला गेलेली तिजोरी

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी पेढीवरील कोऱ्या वह्यांना गंधाक्षता वाहिल्या जातात, तेव्हा जमेच्या बाजूवर यजमानाची जेवढी भक्ती असते तेवढी नावेच्या बाजूवर क्वचितच असते. आणि राजकीय पक्षांचे वार्षिक अहवाल वाचताना आम्हांला नेहमी याच पूजेची आठवण होते. सभासद किती वाढले, कचेऱ्या किती उघडल्या, वृत्तपत्रांचा खप कोठवर गेला, कायदेमंडळात किती जागा पदरात पडल्या याची खतावणी त्यांत चोख असते. परंतु हा सारा पसारा ज्या प्रतिज्ञेसाठी मांडला तिचे काय झाले, या प्रश्नाचे खाते त्या दफ्तरात बहुधा काढलेलेच नसते. कथा, कविता व लेख यांनी भरलेला हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती देताना, प्रारंभीच्या या पृष्ठांत आम्ही असे एक जुने खाते उघडत आहोत. ते जर्मनीतील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा परमुलखाचा जमाखर्च कशाला, असे कोणी म्हणेल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे.

परंतु डाव्या पक्षांच्या ऱ्हासाची चर्चा आपल्याकडे ज्या पद्धतीने चालते ती पाहिली म्हणजे हे खाते पाहणे अगत्याचे वाटते. आपल्या इतिहासवाचनाला फितुरीची फार गोडी आहे. किल्ला पडला की दरवाजा कोणी उघडला हे आपण प्रथम विचारतो, आणि फितुराचे नाव कळले की दारूगोळ्याची, रसदेची वा तटबंदीची चौकशी करण्याची आपल्याला गरज भासत नाही. १९५० साली दाभाडी येथे मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार करणारा प्रबंध संमत करणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव जेधे व शंकरराव मोरे हे संस्थापक पुढे काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले, याची हळहळ व चीड अजून ऐकू येते. पण ते गेले ते उजेडी गेले. माणसे गेली आणि पक्ष मागे राहिला. माणसे जागच्या जागी राहून, पक्षाचे नाव, निशाण व गीत अबाधित ठेवून, कोणीही फितूर न होता पक्षच निघून जातो, हा प्रकार अधिक गहन आहे, आणि त्याचे जर्मनीइतके स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

फर्डिनांड लासालने १८६३ साली लाइप्झिग येथे स्थापिलेला संघ आणि ऑगस्ट बेबेल व विल्हेल्म लीब्क्नेख्त यांचा पक्ष हे १८७५ साली गोथा या गावी एक झाले. बेबेल हा धंद्याने कातारी. १८७० साली फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा या दोघांनी युद्धकर्जाला मत देण्याचे नाकारले, आणि पुढे राजद्रोहाच्या खटल्यात दोन वर्षांची कैद पत्करली. 'या राज्यव्यवस्थेला ना एक माणूस, ना एक दमडी' ही त्या पक्षाची प्रतिज्ञा अशी किंमत मोजून झालेली होती. १८७८ साली बिस्मार्कने कायदा करून पक्षाच्या सभा, संघटना व वृत्तपत्रे यांवर बंदी घातली. निवडणुकीला उभे राहण्याची मोकळीक मात्र राहिली. तेव्हा पक्षाचे मुखपत्र झुरिच येथे छापले जाई आणि चोरवाटांनी सरहद्द ओलांडून कारखान्यांत पोहोचे. एडुआर्ड बर्नस्टाइन हा त्याचा संपादक होता. बारा वर्षांनी तो कायदा संपुष्टात आला तेव्हा पक्षाची मते ४ लाख ३७ हजारांवरून १४ लाख २७ हजारांवर गेली होती. ज्याच्यापाशी जप्त होण्यासारखे काही उरलेले नाही अशा पक्षाला जप्तीचा हुकूम फारसे भय घालू शकत नाही.

१८९१ साली एर्फुर्ट येथे नवी सनद तयार झाली, आणि तिची घडण मोठी अर्थपूर्ण होती. पूर्वार्ध कार्ल काउट्स्कीने लिहिला. त्यात भांडवलशाहीच्या अटळ विनाशाचे भाकीत होते. उत्तरार्ध बर्नस्टाइनने लिहिला; त्यात आठ तासांचा दिवस, स्त्रियांसह सर्वांना मताधिकार, धर्मनिरपेक्ष शाळा अशा रोकड मागण्या होत्या. या दोन अर्धांच्या मध्ये जी मोकळी जागा होती तीतूनच पुढे पक्ष निसटला. पूर्वार्ध उत्सवाच्या दिवशी वाचावा आणि उत्तरार्धासाठी वर्षभर खपावे, अशी वहिवाट पडत गेली; क्रांती अटळच असल्याने तिच्यासाठी आज काही करण्याचे कारण उरले नाही. बर्नस्टाइनने १८९९ साली ग्रंथ लिहून ही विसंगती उघड केली: आपण सुधारणावादी पक्ष झालो आहोत, तर तसे म्हणण्याचे धैर्य दाखवावे, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. पक्षाने त्याचा धिक्कार करणारे ठराव केले. परंतु इग्नाझ आउअर या पक्षचिटणिसाने त्याला खासगी पत्रात जे सुनावले ते सर्व ठरावांहून बोलके आहे. असल्या गोष्टींचा ठराव करायचा नसतो, त्या बोलायच्याही नसतात, त्या करायच्या असतात, अशा आशयाचा तो मित्रत्वाचा सल्ला होता. पक्षभ्रंशाचे इतके प्रामाणिक व्याकरण दुसऱ्या कोणी सांगितल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

दरम्यान संघटना वाढत होती, आणि तिची वाढ खरोखर थक्क करणारी होती. १९१२च्या निवडणुकीत पक्षाला साडेबेचाळीस लाखांच्या आसपास मते व रायश्टाग या कायदेमंडळाच्या ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या. १९१४ साली सभासद दहा लाखांवर आणि दैनिके नव्वदांच्या घरात होती. शिवाय कामगारांची वाचनालये, गायनमंडळे, व्यायामशाळा, सायकलसंघ, आजारपणाचे व उत्तरक्रियेचे फंड. कामगार जन्मापासून स्मशानापर्यंत पक्षाच्याच छायेत राहू शके. ही काही क्षुल्लक कमाई नव्हे. ज्या समाजाने त्याला गुरासारखे वागविले त्यात त्याला माणुसकीचा एक स्वतंत्र परगणाच या पक्षाने मिळवून दिला होता, आणि ज्याने हा परगणा आपल्या हाताने वसविला त्याला तो उधळून देण्याची कल्पना सोसवत नसेल तर त्याला दोष देताना आमची जीभ अडखळते.

या परगण्याची फडणिशी १९०५ साली फ्रीडरिख एबर्टकडे आली. हा जातिवंत कारागीर, धंद्याने जिनगर. योगायोग असा की आउअरही जिनगरच. बर्लिनच्या मुख्य कचेरीत टंकलेखनयंत्रसुद्धा नाही हे पाहून त्याने यंत्रे, टेलिफोन, नोंदवह्या व नियमित अहवाल यांची व्यवस्था लावली. तो लाचखाऊ नव्हता, विलासी नव्हता, वक्तृत्वाचा हव्यासही त्याला नव्हता. पुढारी भ्रष्ट झाल्यामुळे पक्ष भ्रष्ट होतात असे मानणाऱ्यांनी एबर्टचे चरित्र अवश्य वाचावे. पगारी चिटणीस, संपादक, व्यवस्थापक यांचा एक वर्ग पक्षाच्या पोटात तयार झाला, आणि पक्षाचे कुशल व आपली नेमणूक यांतील भेद त्या वर्गाला प्रामाणिकपणेच दिसेनासा झाला. रॉबर्ट मिखेल्स हा या पक्षाचा सभासद राहिलेला पंडित. त्याने १९११ सालच्या आपल्या ग्रंथात, संघटना जेथे येते तेथे अल्पसंख्यांची सत्ता येतेच, असा सिद्धांत मांडला. निदान सूक्ष्म होते. वैद्य मात्र पुढे मुसोलिनीच्या दारी गेला.

या वाढीला एका बाजूने तडा गेलेला होता, हे हिंदी माणसाला १९०७ सालीच दिसू शकले असते. त्या ऑगस्टमध्ये स्टुटगार्ट येथे या पक्षाच्या यजमानकीत आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली आणि मुंबईच्या मादाम भिकाजी कामा यांनी तेथे हिंदुस्थानचा ध्वज उभारला. तो ध्वज पुढे गुप्तपणे इकडे आला व पुण्याच्या केसरीवाड्यात जपला गेला. हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्याच सभागृहात वसाहतींच्या प्रश्नावर काय झाले ते मात्र पाठ्यपुस्तकांत नाही. समाजवादी राजवटीत वसाहतींचे धोरण संस्कृतिप्रसाराचे साधन होऊ शकेल, म्हणून त्याचा तत्त्वतः निषेध करू नये, असा मसुदा समितीच्या बहुमताने पुढे आला होता, आणि जर्मनांपैकी बर्नस्टाइनने त्याची बाजू घेतली. परिषदेने तो १०८ विरुद्ध १२७ मतांनी फेटाळला. फरक एकोणीस मतांचा! त्याच परिषदेने युद्ध टाळण्यासाठी सर्व प्रयत्न करण्याचा ठराव केला. परंतु सार्वत्रिक संपाचे बंधन त्यात घालण्यास जर्मन प्रतिनिधी तयार नव्हते. संप म्हणजे दडपशाही, दडपशाही म्हणजे कचेऱ्यांना टाळे. हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता, आणि आदल्या वर्षी मानहाइम येथे कामगारसंघांनी, आपल्या संमतीवाचून असले संप पुकारले जाऊ नयेत, हे पक्षाकडून कबूल करून घेतले होते.

१९१३ साली सरकारने सैन्यवाढीचे विधेयक आणले. पक्षाने विधेयकाविरुद्ध मत दिले आणि त्याच्या खर्चासाठी श्रीमंतांच्या मालमत्तेवर बसविलेल्या कराला अनुकूल मत दिले. कारण मालमत्तेवरील कर ही एर्फुर्टच्या उत्तरार्धातील मागणी होती. ना एक माणूस, ना एक दमडी, यांपैकी दमडी येथे सुटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेबेल वारला.

नंतरची कथा दिवसांच्या हिशेबाने सांगण्यासारखी आहे. २५ जुलै १९१४ रोजी पक्षाच्या कार्यकारिणीने युद्धाविरुद्ध जळजळीत पत्रक काढले. २८ जुलैला बर्लिनच्या रस्त्यांवर कामगारांचे लोंढे शांततेच्या घोषणा देत निघाले. ३० जुलैला एबर्ट व ओटो ब्राउन हे पक्षाची तिजोरी घेऊन झुरिचला गेले. बंदी येणार, जप्ती येणार, तेव्हा निदान पैसा वाचावा, ही दक्षता होती. ज्या शहरातून एके काळी बंदी घातलेले वृत्तपत्र आत येत असे, त्याच शहरी आता रोकड बाहेर चालली होती. ३ ऑगस्टला पक्षाच्या रायश्टागमधील सभासदांची मसलत बसली आणि ७८ विरुद्ध १४ मतांनी युद्धकर्जाला संमती देण्याचे ठरले. ह्यूगो हाझे त्या चौदांपैकी एक. परंतु तो पक्षाचा अध्यक्ष, म्हणून ४ ऑगस्टला रायश्टागमध्ये संमतीचे निवेदन त्यानेच वाचून दाखविले, आणि विरुद्ध मताच्या सर्वांनी, विल्हेल्मचा मुलगा कार्ल लीब्क्नेख्त यानेही, शिस्तीसाठी अनुकूल मत दिले. तिजोरी वाचली. तिला कोणी हातही लावला नसता, हे आता स्पष्ट झाले होते.

झारशाहीची धास्ती खोटी नव्हती, आणि मतदारांतच देशभक्तीचा ज्वर चढला असता पक्षाने एकाकी उभे राहावे असे शंभर वर्षांनंतर आरामखुर्चीत बसून म्हणणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. तरीही, युद्ध सुरू राहिले तसतसे कोण कोठे उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. २ डिसेंबरला दुसऱ्या कर्जाच्या वेळी एकट्या लीब्क्नेख्तने विरुद्ध मत दिले. १९१५ साली ज्यांनी युद्धधोरणाविरुद्ध जाहीर आवाज उठविला त्यांत हाझे व काउट्स्की यांच्या जोडीला बर्नस्टाइन होता: तत्त्व पातळ केल्याबद्दल ज्याला पक्षाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, वसाहतींच्या प्रश्नावर ज्याने आमच्या मते लाजिरवाणी भूमिका घेतली, तोच हा बर्नस्टाइन. उलट, त्याच्या धिक्काराच्या ठरावांना हात वर करणारे बहुसंख्य लोक सरकारच्या बाजूला राहिले. पोथीवरील निष्ठा ही मूल्यावरील निष्ठेची खूण मानू नये, हे यातून जेवढे उमगते तेवढे वादविवादांच्या खंडांतून उमगत नाही. विरोधकांना पक्षातून घालविण्यात आले आणि एप्रिल १९१७ मध्ये त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. गाव तेच, गोथा.

नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर गेला, एबर्ट सत्तेवर आला, आणि दुसऱ्याच दिवशी सेनापती ग्रोनरशी टेलिफोनवर त्याचा तह झाला: सैन्याने सरकारला राखावे, सरकारने सेनाधिकाऱ्यांचा अधिकार राखावा. पुढील जानेवारीत बर्लिनमध्ये उठलेले डाव्यांचे बंड मोडण्याचे काम पक्षाच्याच गुस्ताव नोस्केने पत्करले. हा धंद्याने बुरूड. १५ जानेवारी १९१९ रोजी त्या सरकारच्या छत्राखाली वावरणाऱ्या भाडोत्री पलटणीच्या अधिकाऱ्यांनी रोझा लुक्झेंबुर्ग व कार्ल लीब्क्नेख्त यांचे खून केले. रोझा ही पक्षाच्या बर्लिनमधील शाळेत अर्थशास्त्र शिकवीत असे. त्याच दोन महिन्यांत आठ तासांचा दिवस व स्त्रियांचा मताधिकार हेही आले, आणि ते या पक्षानेच आणले. एर्फुर्टचा उत्तरार्ध इतका सफल झाला की त्याची जमा कोणालाही नाकारता येणार नाही.

१९५९ साली बाड गोडेसबर्ग येथे पक्षाने मार्क्सची परिभाषा टाकून बाजारातील स्पर्धा मान्य केली, त्यावर पुष्कळ अश्रू ढाळले गेले आहेत. आम्हांस तो प्रसंग त्या मानाने निर्मळ वाटतो; आउअरने जे बोलू नये असे सांगितले होते ते साठ वर्षांनी बोलले गेले, एवढेच. २००३ साली याच पक्षाच्या श्रोडर सरकारने बेकारांच्या भत्त्यांना कात्री लावली ते मात्र वेगळे प्रकरण, आणि त्याची किंमत पक्ष आजही चुकवीत आहे.

खरा ताळेबंद निघाला तो १९३३ साली. २३ मार्चला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या विधेयकाविरुद्ध पक्षाच्या हजर असलेल्या ९४ सभासदांनी मत दिले. ओटो वेल्सचे त्या दिवशीचे भाषण या पक्षाच्या इतिहासातील सर्वोच्च क्षण होय, आणि वेल्स हाही संघटनेच्या दफ्तरातच वाढलेला माणूस होता, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु कामगारसंघांना अजून आपल्या इमारती व फंड वाचण्याची आशा होती. त्यांनी आपल्या सभासदांना नाझी सरकारच्या १ मेच्या समारंभात सामील होण्याचे आवाहन केले. २ मेच्या सकाळी तपकिरी गणवेशातील टोळ्यांनी त्यांच्या कचेऱ्या देशभर ताब्यात घेतल्या. १० मेला पक्षाची मालमत्ता जप्त झाली. तरीही १७ मेला मागे उरलेल्या सभासदांनी हिटलरच्या परराष्ट्रधोरणाच्या ठरावाला अनुकूल मत दिले. २२ जूनला पक्षावर बंदी आली.

परागंदा पुढारी प्रागला जमले. वेल्सही तेथे होता. जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी जो जाहीरनामा काढला त्यात मंत्रिपदांच्या काळात अवघडत उच्चारली जाणारी क्रांती पुन्हा उघड शब्दांत अवतरली, आणि १९१८ साली जुने शासनयंत्र जवळजवळ जसेच्या तसे राहू दिले ही चूक झाली, अशी कबुलीही त्यात आली. तो सरहद्दीपलीकडे जर्मनीत धाडायचा तर पोलिसांच्या नजरेतून सुटला पाहिजे, म्हणून त्यावर निरुपद्रवी वेष्टन घालण्यात आले; स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, या विषयावरील पुस्तिका म्हणून तो कामगारांच्या हाती पडला.