शंभरात अडीच अणू

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रस ओतण्याआधी नाण्याएवढे सँपल काढतात, घासून सपाट करतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. एसजी आयर्न हवे असेल तर मॅग्नेशियम शेकडा ०.०४ च्या आसपास लागते. तेवढ्याने ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या गोळ्या होतात आणि ठिसूळ बिडाला चिवटपणा येतो. चिमूटभर मिसळणीने धातूचा स्वभाव पालटतो, हे कोल्हापूरला शिकवावे लागत नाही.

म्हणूनच अतिशीत धातूंचे भौतिकशास्त्र इथे परके वाटू नये. पॅलेडियम हा चुंबक नव्हे. पण शंभरात साधारण अडीच अणू निकेलचे घातले, की निरपेक्ष शून्यापाशी, म्हणजे उणे २७३ अंशांजवळ, तो चुंबकत्वाच्या उंबरठ्यावर येतो. हे स्थित्यंतर उष्णता घडवत नाही, मिसळणीचे प्रमाण घडवते. एरवी अशा थंडीत इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या टकरींचा विद्युतरोध तापमानाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. या मिश्रधातूत मात्र घातांक २ ऐवजी ५/३ आढळला. ती मोजमापे १९९९ साली प्रसिद्ध झाली.

अशुद्धीचा रोध आणि तापमानाचा रोध यांची नुसती बेरीज करावी, असा मॅथिसनचा एकोणिसाव्या शतकातला नियम आहे. या उंबरठ्यावर त्यावर विसंबता येत नाही. अणूंची मांडणी विस्कटलेली असली की इलेक्ट्रॉन धडकत, भटकत जातो, दोन इलेक्ट्रॉन पुन्हापुन्हा एकमेकांच्या वाटेत येतात आणि चुंबकत्वाची चलबिचल त्यांच्यातला व्यवहार आणखी तीव्र करते. विस्कळीतपणा आणि चुंबकत्व यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही, आणि मला तरी या विषयातले खरे आव्हान हेच वाटते.

हे मोजायला द्रव हेलियम लागतो आणि भारत जवळपास सगळा हेलियम आयात करतो. महाराष्ट्रात कौशल्याची वाण मात्र नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बिस्मथ ०.०००५३ केल्विनला अतिवाहक होतो हे दाखवले गेले. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पातळ फिल्म आणि फेराइट यांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. त्याची चार मुख्य केंद्रे आयआयएससी आणि तीन आयआयटींमध्ये आहेत. तिथल्या अतिशीत यंत्रांवर राज्य विद्यापीठांतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी हक्काची वेळ राखून ठेवावी आणि हेलियमचा खर्च सरकारने उचलावा. धातूवर मोठे झालेल्या कोल्हापूरच्या उद्योजकांनीही यासाठी दोन-चार शिष्यवृत्त्या द्याव्यात.